गवयाच्या चार ओळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की गतकाळाचा गौरव करावा, असा रिवाज आहे. तो करणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही मात्र आज एका चुकीपासून आरंभ करणार आहोत. चूक आपल्या मंडळाची. आणि त्या वर्षी कार्यक्रमाची जबाबदारी आमच्याकडे असल्यामुळे ती प्रथम आमची.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवासाठी महाराष्ट्रातून एका गायकाला आपण बोलावले होते. गृहस्थ कोठे नोकरीला नव्हते. गावोगावी मैफली कराव्यात आणि मिळेल त्या बिदागीवर प्रपंच चालवावा, अशा कलावंतांपैकी ते एक. निमंत्रणपत्रिकेसाठी आम्ही त्यांच्याकडे परिचयाच्या चार ओळी मागितल्या. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेला एक कागद पाठवला. त्यात गुरूंचे नाव होते. ग्वाल्हेर घराण्याची तालीम किती वर्षे घेतली ते होते. ‘ख्याल, तराणा आणि टप्पा गातो’ असे होते. आणि अखेरीस, ‘श्रोत्यांची इच्छा असल्यास एखादा अभंग’. बस्स, एवढेच.

कार्यकारिणीला ते फार तोकडे वाटले. इतक्या लांबून माणूस आणावयाचा, प्रवासखर्च द्यावयाचा, आणि पत्रिकेवर इतकेच? तेव्हा छापताना आम्ही त्या ओळी ‘सुधारल्या’. पत्रिकेवर आले : ‘शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, भक्तिगीत, लावणी आणि फर्माइशी गीतांची बहारदार मैफल.’

पुढे जे व्हावयाचे तेच झाले. यमनाचा ख्याल सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील-नसतील, तोच चिठ्ठ्या येऊ लागल्या. कोणाला लावणी हवी, कोणाला चित्रपटातले गाणे. गायकाने प्रत्येक चिठ्ठी वाचली आणि पेटीशेजारी ठेवून दिली. राग पुरा केला आणि ते शांतपणे म्हणाले, “मी पाठवलेल्या कागदात हे नव्हते. जे मला येत नाही ते गाऊन मी आपला सण बिघडवणार नाही.” मग एक टप्पा, एक अभंग, आणि हात जोडले. तोवर निम्मे सभागृह रिकामे झाले होते.

दुसऱ्या दिवशी हावड्याला त्यांना गाडीत बसवून देण्यासाठी आम्ही गेलो. तक्रारीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी फक्त पत्रिकेची एक प्रत मागितली. प्रत्येक मैफलीची पत्रिका जपून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. ती देताना आमचा हात अडखळला. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात आहे : एकटा गाणारा-वाजवणारा कलावंत आपण काय गातो हे कसे सांगतो, आणि ऐकणाऱ्यांनी त्या सांगण्याचे काय करावे?

या प्रश्नाचा विचार करावयास आपल्या शहराइतकी योग्य जागा नाही. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस याच कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला. त्याच्या यंत्रापुढे गौहरजान गायल्या. गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या छापण्यासाठी मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना गाणारी व्यक्ती कोण हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार. म्हणजे या देशातील ध्वनिमुद्रित संगीताच्या आरंभीच, ‘मी अमुक’ हे गाणाऱ्यालाच सांगावे लागले. तेव्हा नाव पुरे होते. पुढे श्रोता दूर गेला, अनोळखी झाला, आणि ‘काय गाता?’ हा प्रश्न नावाला येऊन चिकटला.

या प्रश्नाची उत्तरे प्रांताप्रांताने निराळी आहेत. आपले बंगाली शेजारी काय म्हणतात, ते आठवून पाहा. रवींद्रसंगीत, नजरुलगीती, द्विजेंद्रगीती, अतुलप्रसादी. येथे गाणे ओळखले जाते ते कवीच्या नावाने. याचे कारण उघड आहे : रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गीते लिहिली आणि त्यांच्या चालीही बहुतांशी स्वतःच बांधल्या. कवी तोच चालकार. ‘स्वरवितान’च्या खंडांत त्यांच्या स्वरलिपी छापलेल्या आहेत. ‘मी रवींद्रसंगीत गातो’ असे म्हणणारा गायक त्या स्वरलिपीशी इमान राखण्याचे वचनच देत असतो.

मराठीत कवी एक, चाल दुसऱ्याची, आणि गाजवणारा तिसरा. म्हणून आपण गाण्याला ते जेथे जन्मले त्या जागेचे नाव दिले. रंगभूमीवरचे ते नाट्यगीत, बोलपटातले ते चित्रपटगीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून नाट्यगीत हा आपला अभिमानाचा ठेवा. पण त्या ठेव्यातही किती ठिकाणचे सोने आहे! 1911 च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची छाया आहे. 1916 च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा साज चढवला. म्हणजे ‘नाट्यसंगीत’ हा एक शब्द पत्रिकेवर छापताना आपण किती मोठी मागणी करत असतो, ते ध्यानात येईल.

ख्याल गाणाऱ्यांची रीत तिसरी. ते गावाचे नाव सांगतात : ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा. हे निव्वळ गावाचे नाव नव्हे. ग्वाल्हेर म्हटले की मोकळा आवाज, बंदिशीची स्वच्छ मांडणी आणि सरळ, दाणेदार तान. आग्रा म्हटले की नोमतोम, बोलबाट आणि लयीशी झुंज. जयपूर म्हटले की अनवट राग आणि वळणावळणाची तान. किराणा म्हटले की एकेका स्वरावर मुक्काम करीत सावकाश होणारी बढत. जाणत्या श्रोत्याला त्या एका शब्दावरून पुढचे दोन तास कसे जातील याचा अंदाज येतो. घराण्याचे नाव म्हणजे एकीकडे ऋणाची कबुली आणि दुसरीकडे श्रोत्याला दिलेला शब्द.

वाद्याच्या बाबतीत आपल्याच शहरातले उदाहरण देता येईल. पंडित विष्णु गोविंद जोग यांचे व्हायोलिन कोलकात्याने वर्षानुवर्षे ऐकले. येथील आकाशवाणीत त्यांनी काम केले, आणि 2004 मध्ये याच शहरात देह ठेवला. व्हायोलिन हे वाद्य साता समुद्रांपलीकडचे. त्याला आपल्याकडे स्वतःचे असे घराणे नव्हते. मग वादकाने आपली ओळख सांगावी कशी? आपल्याकडे दोन शब्द आहेत : गायकी अंग आणि तंतकारी अंग. गळ्यातून निघते तसे वाद्यातून काढणे हे गायकी अंग. सतार-सरोदावर गत आणि झाला वाजतो त्या रीतीने वाजवणे हे तंतकारी. जोगांना श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या गायनाचार्याचे मार्गदर्शन लाभले आणि मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचेही. त्यामुळे त्यांच्या गजात दोन्ही अंगे नांदली. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर त्यांची जुगलबंदी ज्यांनी ऐकली, त्यांना याचा निराळा पुरावा नको.

कलावंताच्या या सांगण्याला सरकारी रकाने पडले ते नभोवाणीमुळे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मराठी माणूस, संगीताचा कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत स्वरपरीक्षेची शिस्त आली, श्रेणी ठरल्या, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला. संस्थानांचा आश्रय सुटलेल्या कितीतरी कलावंतांना त्यामुळे आधार मिळाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण रकाना आला की रकान्याबाहेरचा माणूसही आला. ज्या पेटीवर मराठी रंगभूमीचे अर्धशतक उभे राहिले, तिला 1940 ते 1971 पर्यंत नभोवाणीवर मज्जाव होता. टेंब्यांसारख्या पेटीच्या जादूगाराला त्या अर्जात स्वतःला कोणत्या ओळीत बसवता आले असते?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. खरा कलावंत रकान्यात मावतो काय? भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही परंपरांच्या उस्तादांकडे तालीम घेतली. कुमार गंधर्वांनी तर घराण्याचे कुंपणच नाकारले. मग ‘मी सर्व काही गातो’ असे आमच्या तरुणांनी म्हटले तर बिघडले कोठे?

बिघडते, असे आमचे नम्र मत आहे. भास्करबुवांनी जे जे घेतले ते कोणापाशी बसून घेतले, हे सांगता येते. कुमारांनी घराणे नाकारले, परंतु आपण काय गाणार हे कधी मोघम ठेवले नाही. ‘गीतवर्षा’, ‘मालवा की लोकधुनें’ अशी आपल्या कार्यक्रमांना त्यांनी नावे दिली आणि त्या नावाला जागले. कुंपण ओलांडणाऱ्याला कुंपण कोठे आहे ते ठाऊक असावे लागते. ‘सर्व काही’ या शब्दांत ना ऋण आहे, ना वचन.

तथापि कलावंताला दोष देण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहिले पाहिजे. बिदागीवर जगणारा माणूस ‘सर्व काही’ का लिहितो? थोडके लिहिले तर बोलावणे येणार नाही, ही धास्ती त्याच्या मनात असते. ही धास्ती निर्माण करणारे आम्ही, आयोजक. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळांना वर्षाकाठी दोन-तीनच कार्यक्रम परवडतात. मग एकाच संध्याकाळी आजोबांना नांदी, आईला भावगीत, मुलांना नाचता येईल असे काही, असा सगळा महाराष्ट्र एकाच गळ्यातून काढून घेण्याचा मोह होतो. ही भूक आम्हाला कळते, कारण ती आमचीही आहे. पण तिची किंमत त्या एकट्या माणसाने का मोजावी? याच शहराने केसरबाई केरकरांना ‘सूरश्री’ ही पदवी दिली, ती त्यांच्या जयपूर गायकीच्या निष्ठेसाठी. त्यांच्याकडे कोणी लावणीची चिठ्ठी पाठवली असती काय?

आता आपल्या घरच्या मुलांविषयी. आपल्या मंडळातील एक मुलगी, येथेच जन्मलेली, चांगली गाते. निवेदकाने तिला विचारले, “तू काय गातेस?” ती चटकन म्हणाली, “सगळेच गाते.” कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिला जवळ बोलावले आणि म्हटले, “बाळ, चार ओळी लिहून आण पाहू.” पहिल्या कागदावर आठ प्रकार होते. दुसऱ्यावर चार. तिसरा कागद तिने आठवड्याने आणला. त्यावर लिहिले होते : ‘रवींद्रसंगीत, सात वर्षे शिकत आहे. अभंग बारा, शिकलेले नाहीत, आजी म्हणत असे ते ऐकून पाठ आहेत.’ खाली तिने आपल्या बंगाली शिक्षिकेचे आणि आजीचे नाव लिहिले होते. ही ओळख कोणत्याही सरकारी रकान्यात बसणार नाही. पण तिच्यात खोटा शब्द नाही, आणि दोन्ही ऋणे आहेत. कोलकात्यातल्या मराठी घराचे याहून खरे वर्णन आमच्या वाचनात नाही. ‘शिकलेले’ आणि ‘ऐकून पाठ असलेले’ हा भेद तिने स्वतः केला, याचे आम्हाला विशेष कौतुक वाटले.

तेव्हा या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. कलावंत आपल्याविषयी जे लिहून पाठवील, ते एक अक्षरही न वाढवता छापावे. आणि आपल्या मुलामुलींना व्यासपीठावर चढण्यापूर्वी अशा चार ओळी स्वतः लिहावयास लावाव्यात : कोणापाशी शिकलो, किती शिकलो, आणि न अडखळता काय गाऊ शकतो.

शेवटी एक आनंदाची वार्ता. ज्यांचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्या गायकांना कार्यकारिणीने या वर्षी पुन्हा निमंत्रण दिले आहे आणि त्यांनी ते स्वीकारले आहे. सोबत त्यांचा कागदही आला आहे. ओळी त्याच आहेत : ख्याल, तराणा, टप्पा, इच्छा असल्यास एखादा अभंग. पत्रिकेवर या वेळी तेवढेच छापले जाईल. सभासदांनी ते वाचून यावे आणि चिठ्ठ्या घरीच ठेवाव्यात, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.