एका अक्षराचे मोल



मराठीच्या प्राध्यापकाने लोहाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी शुद्धलेखन घेताना आम्हांला एका अक्षराचे मोल शिकविले. पेशीतही तोच नियम चालतो.

लोहावाचून पेशी जगत नाही. मोकळे लोह वाढले तर तेच तिला घातक ठरते. फेरिटिन लोह साठविते, ट्रान्सफेरिन-ग्राहक ते आत आणतो. या दोन्ही प्रथिनांच्या संदेशवाहक आरएनएवर केसांच्या आकड्यासारखी, सुमारे ३० अक्षरांची घडी असते. फेरिटिनच्या संदेशात ती आरंभी एकच. ग्राहकाच्या संदेशात अखेरीस अशा पाच. लोह कमी पडले की नियामक प्रथिने या घड्यांना बिलगतात. मग फेरिटिनचा संदेश वाचला जात नाही. ग्राहकाचा मात्र नष्ट होण्यापासून वाचतो. लोह वाढले की पकड सुटते. खूण एकच, स्थानपरत्वे अर्थ निराळा!

ही खूण १९८७ साली फेरिटिनच्या संदेशात ओळखली गेली. तिच्यातील एकच अक्षर बदलल्याने कुटुंबात पिढीजात मोतीबिंदू होतो, हे १९९५ साली उघड झाले. अशांच्या रक्तात फेरिटिन वाढते, लोह नव्हे. लोहच वाढले असे समजून रक्त काढत राहिल्यास रुग्णाला निष्कारण पंडुरोग जडतो.

माझा मोतीबिंदू केवळ वयाचा आहे. तरीही सांगतो, मुलांनो: अक्षर वाचा, आणि त्याची जागाही वाचा. गुरुजींचे तेवढे ऋण आपण फेडू शकतो.