शरणपूरचे आफ्रिकी, टोगोची बाजरी

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आफ्रिकेचे प्रवासी आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे दफन झाले. शवपेटीबरोबर चालण्याचा मान ज्या मोजक्या मंडळींना मिळाला, त्यांत पत्रकार हेन्री स्टॅनली होते आणि जेकब वेनराइट नावाचा एक तरुण आफ्रिकीही होता. या तरुणाचे शिक्षण नाशकात, शरणपूरला झाले होते.

शरणपूर रोडवरून नाशिककर रोज जातो-येतो, पण तिथे कधीकाळी आफ्रिकी मुलामुलींची वसाहत होती हे फार थोड्यांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटका झालेल्यांपैकी बरेच जण मुंबईत उतरवले जात. त्यांतली काही मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आफ्रिकन असायलममध्ये येत. विल्यम साल्टर प्राइस या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन मुंबईत आले, तेव्हा गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी त्यांना ही मुले सोबत नेण्याचे सुचवले. त्यांनी नऊ जण निवडले. पुढे १८७२ मध्ये स्टॅनलींनी लिव्हिंगस्टनना जी कुमक पाठवली, तिच्यातही शरणपूरचे तरुण होते. वेनराइट त्यांतला. इंग्रजी कागदपत्रांत या सगळ्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलेले आढळते.

लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबो या मुखियाच्या गावी वारले. त्यांच्या माणसांनी त्यानंतर जे केले, त्याकडे आजवर स्वामिनिष्ठेची कथा म्हणूनच पाहिले गेले. निष्ठा होतीच, पण त्यात तंत्रही होते. समुद्रकिनारा हजार मैलांहून दूर होता. झांझिबारला एका डॉक्टरकडे काम केलेला फारजाला आणि शरणपूरचा कॅरस फॅरर यांनी शरीरातील अवयव काढून आत मीठ भरले, आणि देह चौदा दिवस उन्हात वाळवला. मग एका झाडाची साल अखंड नळीसारखी सोलून काढली, तिच्यात तो ठेवला, वर शिडाचे कापड शिवले आणि डांबर फासले. ज्या झाडाखाली हृदय पुरले, त्याच्या खोडावर वेनराइटने अक्षरे कोरली. मुख्य धुरा लिव्हिंगस्टन यांचे जुने साथी सूसी आणि चूमा या दोघांकडे होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये हा तांडा बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा देह ओळखता येईल इतका टिकलेला होता. सालीचे पूर्ण नळकांडे अखंड उतरवायचे आणि त्याची भांडी, मधमाश्यांच्या पेट्या किंवा होड्या करायच्या, ही पूर्व आणि मध्य आफ्रिकेतली रोजच्या वापरातली विद्या आहे. शरणपूरच्या सुतारशाळेने ती दिलेली नव्हती.

या मुलांना मिशनने कसब शिकवले आणि ती सुधारली, असे त्या काळाचे सांगणे असे. त्यांच्या मागे काय होते याचा हिशेब त्यात नाही. वेनराइट आणि चूमा मूळचे याओ लोकांतले, न्यासा सरोवराच्या परिसरातले. त्याच मुलखाच्या दक्षिणेकडील डोंगरांविषयी खुद्द लिव्हिंगस्टन यांनी १८६५ साली छापलेल्या आपल्या झांबेझी मोहिमेच्या ग्रंथात लिहिले आहे, की तिथे गावोगावी लोखंड गाळण्याची भट्टी आहे, कोळसा पाडणारे आहेत आणि लोहारही आहेत. म्हणजे ज्या मुलखातून मुले पळवून गुलाम केली गेली, तो मुलूख लोखंड ओळखत होता. त्यातल्या काहींच्या हाती नाशकात घण दिला गेला आणि शिक्षणाचे श्रेय मात्र एकाच बाजूला नोंदले गेले.

ही भट्टी कशी होती, हे नाशिक रोडसारख्या कारखान्यांच्या गावात सांगायला हवे. आजच्या मलावी आणि झांबियाच्या भागात पुरुषभर किंवा त्याहून उंच मातीच्या भट्ट्या असत, आणि त्यांतल्या बऱ्याच भात्याशिवाय चालत. तळाशी नळ्यांची भोके ठेवायची, वरचे तोंड उघडे. आतली हवा तापून वर चढते आणि तळातून ताजी हवा आपोआप ओढली जाते. कमी माणसांत काम होते, वेळ मात्र जास्त लागतो आणि लोणारी कोळसाही भरपूर लागतो. गरिबांनी कशीतरी भागवलेली सोय म्हणून याकडे पाहणे चुकीचे ठरेल. माणूसबळ, इंधन आणि खनिजाचा कस यांचा मेळ घालून विचारपूर्वक निवडलेली ही पद्धत होती.

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हाया लोक राहतात. तिथे पीटर श्मिट हे पुरातत्त्वज्ञ आणि डोनाल्ड एव्हरी हे धातुशास्त्रज्ञ यांनी १९७० च्या दशकात म्हाताऱ्या लोहारांना भट्टी उभारून दाखवण्याची विनंती केली. लोखंड गाळणे बंद पडून कित्येक वर्षे झाली होती, पण म्हाताऱ्यांच्या हातांना ते आठवत होते. वारुळाची माती, दलदलीतले गवत जाळून केलेला थर, भट्टीत आतपर्यंत खुपसलेल्या मातीच्या नळ्या आणि भाते. आतले तापमान १८०० अंश सेल्सियसपर्यंत गेले आणि हाती आलेल्या धातूत पोलादही होते. जवळच उत्खननात सापडलेल्या जुन्या भट्ट्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या होत्या. १९७८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. नळीतून जाताना हवा आधीच तापते आणि त्यामुळे एवढी उष्णता मिळते, असे श्मिट-एव्हरींचे म्हणणे होते. त्यावर इतर धातुशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि ती चर्चा रास्तच आहे. पण पोलाद निघाले, यात शंका नाही.

सुदानमधल्या मेरोईच्या अवशेषांत लोहकिटाचे ढीग टेकड्यांसारखे पसरले आहेत. नायजेरियातल्या तारुगा येथे नोक संस्कृतीच्या भट्ट्या सापडल्या, त्या इसवी सनापूर्वीच्या. आफ्रिकेत लोखंड स्वतंत्रपणे गाळले गेले की बाहेरून आले, याचा निकाल अजून लागलेला नाही. पुढे युरोपातून स्वस्त लोखंड आणि तयार कुदळी येऊ लागल्या, वसाहतींचे कर बसले, जंगलाचे नियम आले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भट्ट्या एकामागून एक विझल्या.

लोखंडाहूनही जुनी आणि नाशिककराच्या रोजच्या ताटातली गोष्ट धान्याची आहे. तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांपुढे चाक, भट्टी, यंत्र येते. पण रानातल्या गवताचे पीक करणे हीदेखील कारागिरीच आहे, आणि यंत्रापेक्षा ती अवघड, कारण ती पिढ्यान् पिढ्या न सोडता करावी लागते. ज्वारी, बाजरी आणि नागली ही तिन्ही धान्ये आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी घडवली.

रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळून पडतो. झाडाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, त्याला बी पसरायचे असते. माणसाला मात्र कणसावर टिकणारा दाणा हवा. टिकलेल्या दाण्यांची कापणी करायची, त्यातलेच बी पुन्हा पेरायचे, आणि हे शेकडो वर्षे चालू ठेवायचे, तेव्हा कुठे न गळणारे कणीस तयार होते. पूर्व सुदानमध्ये कसालाजवळच्या एका जुन्या वस्तीत सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची खापरे मिळाली. त्या मातीत भुशी कालवलेली होती. भुशी जळून गेली, पण तिचे ठसे खापरात राहिले. हे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर काही दाणे आपोआप गळलेले आणि काही मळणी करून तोडलेले दिसले. ज्वारीचे पीक होण्याच्या वाटेवरचा हा आजवरचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

बाजरीचे काम याहून कठीण होते. मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वी पिकवलेल्या बाजरीचे ठसे अशाच खापरांवर मिळाले आहेत. बाजरीत परपरागण होते. शेजारच्या रानटी गवताचे पराग वाऱ्यावर येतात आणि पुढच्या हंगामात अर्धवट रानटी रोपे उगवतात. पश्चिम आफ्रिकेत त्यांना शिब्रा म्हणतात. ही रोपे हेरून उपटावी लागतात आणि बियाण्याची कणसे पारखून वेगळी ठेवावी लागतात. सहाराच्या कडेला, वर्षातून एकदाच आणि तोही बेभरवशाचा पाऊस पडणाऱ्या जमिनीवर, शेतकऱ्यांनी हे सातत्याने केले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे नोंदलेले नाही.

ही धान्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आली. बहुधा समुद्रमार्गे, पण वाट नेमकी कोणती हे अजून धुक्यात आहे. आपल्याकडे त्या काळी संगमनेरजवळच्या जोर्व्यात आणि शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. जोर्व्याचे उत्खनन १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी केले, तर इनामगावात डेक्कन कॉलेजचे काम १९६८ पासून बरीच वर्षे चालले. इनामगावचे मुख्य पीक सातू, तेही पाटाचे पाणी देऊन काढलेले. आफ्रिकी धान्याचे दाणे या काळातल्या वस्त्यांत थोडेच मिळतात, आणि काहींच्या ओळखीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण गहू आणि सातू ही हिवाळ्याची पिके. पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या, उथळ मुरमाड जमिनीच्या या पठाराला खरिपाचे धान्य हवे होते, आणि ते आफ्रिकेत तयार होते. बाजरी तीन महिन्यांच्या आत हाती येते. उन्हाने पान आक्रसले तरी ज्वारी तग धरते आणि पाऊस परतला की पुन्हा वाढीला लागते. सिन्नर-येवल्याच्या बाजरीपट्ट्यात हे कुणाला समजावावे लागत नाही. पेठ-सुरगाण्यात राब भाजून त्यावर नागलीचे रोप तयार करतात. ते धान्य पूर्व आफ्रिकेच्या डोंगरउतारांवरून आलेले. इथल्या शेतकऱ्यानेही ते केवळ उचलले नाही. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढण्याची पद्धत त्याने बसवली आणि मालदांडीसारखे वाण जपले.

या सगळ्यात एक सावधगिरी हवी. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाने इथे केलेले प्रत्येक काम आफ्रिकेचे तंत्र ठरत नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि डोंगराकडचे पाणी भूमिगत नहरीने, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. नहर-ए-अंबरीची बुद्धी त्याची, हिंमतही त्याची. पण भूमिगत कालव्याची पद्धत इराणकडची. मलिक अंबरचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ज्याचे श्रेय त्याला, हा नियम आफ्रिकेच्या बाजूनेही पाळावा लागतो. तो पाळला तरी तिच्या पदरात पुष्कळ उरते.

किती, ते पाहायला गंगापूरपर्यंत गेले तरी पुरे. तिथे गोदावरीच्या काठच्या खडीच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलियांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली, आणि १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने गोदावरी खोऱ्यातल्या या अवजारांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेली हातकुऱ्हाड आणि सरळ रुंद धारेचे तोडहत्यार ही जी घडण आहे, तिच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक केनियात तुर्काना सरोवराजवळ मिळाला. तो सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीचा आहे. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम येथे तीच घडण सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी दिसते. दगडात दडलेला आकार आधी मनात पाहायचा आणि मग घाव घालायचा, ही रीत माणसाने आफ्रिकेत शिकली. झांबियातल्या कलांबो धबधब्यापाशी तर खाचा पाडून एकमेकांत बसवलेले दोन ओंडके मिळाले आहेत, ४ लाख ७६ हजार वर्षांपूर्वीचे. आपल्या जातीचा माणूस तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

शरणपूरच्या आफ्रिकींचे पुढे काय झाले, हेही नाशकाने जाणून घ्यावे. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसले, तेव्हा सुमारे दीडशे ‘मुंबईचे आफ्रिकी’ तिकडे परतले. वसाहत उभारणारे, शिकवणारे, तांडे नेणारे तेच होते. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८८५ मध्ये दीक्षित पाद्री झाले.

आणि देवाणघेवाण अजून थांबलेली नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या स्थानिक बाजरीपासून आयसीटीपी ८२०३ हा वाण निवडला. १९८८ मध्ये तो प्रसारित झाला आणि महाराष्ट्रात चांगलाच रुजला. त्याच वाणातून पुढे अधिक लोह असलेली ‘धनशक्ती’ निवडली गेली. तिच्या किलोभर दाण्यांत सुमारे ७० मिलिग्रॅम लोह असते. लोहवाढीसाठी मुद्दाम निवडलेला आणि अधिकृतपणे प्रसारित झालेला हा देशातला पहिला वाण. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या ग्रामीण निवासी शाळांत १२ ते १६ वर्षांच्या मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या बाजरीच्या तुलनेत ही भाकरी खाणाऱ्या मुलांच्या रक्तातला लोहसाठा लक्षणीय वाढला होता, आणि ज्यांच्यात तो आधी कमी होता त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.