सूर्यावर रोखलेली पुण्याची दुर्बीण

सूर्याचे बरेचसे अतिनील किरण हवेतला ओझोन अडवतो. जिवांसाठी हे वरदानच. पण त्या किरणांत सूर्य पाहायचा तर हवेबाहेर जायलाच हवं. म्हणून २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘आदित्य एल-१’ हे भारताचं यान झेपावलं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर स्थिरावलं. तिथून सूर्य कधी डोळ्याआड होत नाही. यानावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत घडली, याचं मला फार अप्रूप वाटतं. ११ गाळण्या आलटूनपालटून धरत ती सूर्याची छबी टिपते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, बाहेरचं प्रभामंडल मात्र दहा लाखांवर! शेकोटीपासून दूर सरकावं आणि चटका वाढावा, तसं. हे असं का, याचा माग ‘सूट’ या दोहोंमधल्या थरांत घेते आहे.