ब्रोमीन आणि बाटलीवरची चिठ्ठी

श्रोतेहो, उरण, पेण, वसई या बाजूची मिठागरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे, आणि मिठाचे खडे धरले की ते ओढून बांधावर ढीग घालायचा. पण मीठ निघाल्यावर वाफ्यात जे थोडे, दाट, तोंडात धरवणार नाही इतके कडू पाणी उरते, त्याचे काय होते? बहुतेक ठिकाणी ते सोडून देतात. आज बोलायचे आहे ते अशाच टाकाऊ पाण्यात सापडलेल्या एका मूलद्रव्याविषयी. त्याचे नाव ब्रोमीन.

फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राजवळ माँपेल्ये नावाचे गाव आहे. तेथे आंत्वान बालार नावाचा 23 वर्षांचा एक तरुण औषधिशास्त्राच्या शाळेत प्रयोगशाळेचे काम पाहत असे. मिठागरातल्या त्या कडू पाण्यात त्याने क्लोरीन वायू सोडला, तो पाणी पिवळे-नारिंगी झाले! हा रंग कुणाचा? बालारने तो ईथरमध्ये उतरवून घेतला, मग क्षारात बांधला, पुन्हा मोकळा केला, आणि शेवटी त्याच्या हाती लालभडक, धुरकट, नाकातोंडाला झोंबणारा एक द्रव आला. पहिला अंदाज साहजिकच असा, की हे क्लोरीन आणि आयोडीन यांचे काहीतरी संयुग असावे. पण बालार अंदाजावर थांबला नाही. संयुग असेल तर फोडून पाहू, म्हणून त्याने नाना खटपटी केल्या. द्रव काही फुटेना. तेव्हा 1826 साली त्याने जाहीर केले, की हे नवे मूलद्रव्य आहे. त्याने सुचवलेले नाव निराळे होते. पण पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने ते बदलले आणि ग्रीक भाषेतल्या 'दुर्गंध' या अर्थाच्या शब्दावरून 'ब्रोम' असे नाव ठेवले. ज्याने एकदा त्याचा वास घेतला असेल त्याला हे बारसे पटावे.

आता गंमत पाहा. बालारच्या आधीच जर्मनीतल्या क्रॉइत्सनाख येथल्या खाऱ्या पाण्यातून निघालेली अशाच द्रवाची बाटली युस्टुस लीबिग या रसायनशास्त्रज्ञाकडे तपासणीसाठी आली होती. लीबिग म्हणजे पुढे युरोपभर गाजलेला माणूस. त्याने वरवर पाहिले, 'आयोडीन क्लोराइड' अशी चिठ्ठी बाटलीवर डकवली, आणि बाटली फळीवर ठेवून दिली. बालारचा शोध कानावर आला तेव्हा त्याला उमगले, की नवे मूलद्रव्य आपल्याच कपाटात होते! ती बाटली त्याने स्वतःच्या चुकांच्या कपाटात जपून ठेवली, असे सांगतात. दोघांची पहिली समजूत एकच होती. फरक इतकाच, की एकाने समजूत तपासली आणि दुसऱ्याने ती लिहून टाकली.

लीबिगची चूक समजण्याजोगी होती, बरं का! ब्रोमीन खरोखरच मधल्या घरचे आहे. क्लोरीन वायू, आयोडीन घन, आणि ब्रोमीन द्रव. साध्या हवामानात द्रव राहणारी मूलद्रव्ये दोनच, एक पारा आणि दुसरे हे. क्लोरीनचा अणुभार 35.5, आयोडीनचा 127. बेरीज करून निम्मे केले तर 81 च्या आसपास येते, आणि ब्रोमीनचा अणुभार आहे जवळजवळ 80. डोबरायनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1829 साली या त्रिकुटाकडे बोट दाखवले, आणि मूलद्रव्यांची घराणी लावण्याच्या कामाचा तो एक आरंभ ठरला. स्वभावातही तेच. इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद क्लोरीनची जास्त, ब्रोमीनची त्याहून कमी, आयोडीनची आणखी कमी. म्हणूनच क्लोरीन सोडला की तो ब्रोमीनला क्षारातून हुसकून लावतो आणि स्वतः त्या जागी बसतो. समुद्राच्या हजार लिटर पाण्यात ब्रोमीन असते जेमतेम 65 ग्रॅम. तरी याच युक्तीने ते काढता येते. आपल्या देशात कच्छ-सौराष्ट्राकडे मिठानंतर उरलेले पाणी वाया न घालवता त्यातून ब्रोमीन काढतात.

त्याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. घरात आजोबा-आजींचा जुना काळापांढरा फोटो असेल, तर तो पाहा. त्या कागदावर चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयुगाचे, सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक कण होते. प्रकाश जेथे पडला तेथे कणांत अदृश्य खूण उमटली. डेव्हलपरने त्या खुणेभोवती चांदी मोकळी केली. न उजळलेले ब्रोमाइड हायपोने धुऊन काढले. म्हणजे चित्र दिसते ते चांदीचे; ब्रोमीन आपले काम करून निघून गेले! दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तोही असल्याच क्षारांच्या जोरावर.

पण याच द्रव्याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. 1857 साली लंडनमध्ये सर चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी सांगितले, की पोटॅशियम ब्रोमाइडने काही स्त्रियांच्या फेफऱ्याचे झटके थांबले. ज्या उपपत्तीवरून त्यांनी ते दिले ती चुकीची होती, औषध मात्र खरे निघाले. फेफऱ्यावर खात्रीने गुण देणारे ते पहिलेच औषध, आणि 1912 साली फिनोबार्बिटोन येईपर्यंत त्याला तोड नव्हती. मग झोप येत नाही, घ्या ब्रोमाइड. मन अस्वस्थ आहे, घ्या ब्रोमाइड, असे होऊन बसले.

येथे रसायनशास्त्र आडवे आले. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि मिठातले क्लोराइड यांतला भेद नीट कळत नाही. ते ब्रोमाइडही जपून ठेवते. शरीरातले निम्मे ब्रोमाइड बाहेर पडायला सुमारे 12 दिवस लागतात. रोज एक डोस घेत राहिले, तर हिशेबाने अंगात हळूहळू सतराएक दिवसांच्या डोसांचा साठा होतो. मग माणूस विसरू लागतो, अडखळतो, नसलेली माणसे त्याला दिसू लागतात. घरचे म्हणत, चित्तभ्रम वाढला. डॉक्टर म्हणत, ब्रोमाइड वाढवा! किती तरी माणसे अशी वेड्यांच्या इस्पितळात गेली. आणि उतारा काय होता? ब्रोमाइड बंद करायचे, आणि साधे मीठ व भरपूर पाणी द्यायचे. क्लोराइड वाढले की ब्रोमाइडला बाहेरची वाट मिळते. बाटलीवर चिठ्ठी चुकली तर शोध हुकतो. माणसावर चुकली तर आयुष्य जाते.

तिसरी गोष्ट मिथिल ब्रोमाइडची. धान्यातले किडे, लाकडातली वाळवी, जमिनीतले कृमी, सर्वांवर जालीम धुरी. ती फार विषारी, हे आधीपासून ठाऊक होते. पण काम झाले की हवेत सोडली म्हणजे संपले, अशी समजूत. वास्तविक तिचा काही भाग वर ओझोनच्या थरापर्यंत पोचतो, आणि ओझोन फोडण्यात ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूच्या पन्नासेक पट भारी आहे. म्हणून 1992 साली माँट्रिऑल करारात तिचे नाव घातले गेले. पुढारलेल्या देशांनी 2005 पर्यंत आणि आपल्यासारख्यांनी 2015 पर्यंत तिचा सर्वसाधारण वापर थांबवायचे ठरले. फळ दिसले: हवेतले तिचे प्रमाण 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पाव भागाहून अधिक उतरले. मात्र परदेशी कीड देशात येऊ नये म्हणून मालाला द्यावयाच्या धुरीला करारात सूट आहे. बंदरावर परदेशी मालाच्या लाकडी खोक्यावर 'एम बी' असा ठसा दिसला, तर ती मिथिल ब्रोमाइडचीच चिठ्ठी समजा.

एवढे ऐकून आपण म्हणाल, असले द्रव्य शरीरात नसलेलेच बरे. शास्त्रज्ञही पुष्कळ दिवस म्हणत, की शरीराला ब्रोमीनचे काही काम नाही. 2014 साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की आपल्या ऊतींना आधार देणाऱ्या कोलॅजेनच्या एका प्रकारात टाके घालायला ब्रोमीन लागते. ज्या फळमाश्यांच्या अन्नातून ब्रोमीन काढून टाकले त्यांची वाढ खुंटली. परत दिले, तेव्हा ती सुधारली. लागते ते अगदी लेशमात्र, पण लागते.

तेव्हा ब्रोमीन चांगले की वाईट, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देण्याची घाई करू नये. किती, कोठे, आणि किती दिवस, हे आधी विचारावे. बालारने त्या कडू पाण्यापाशी नेमके एवढेच केले होते: चिठ्ठी लिहिण्यापूर्वी बाटली पुन्हा एकदा उघडली होती.