मुलांच्या हाती हत्यारे



माझे आजोबा आणि वडील मुंबईच्या गिरणीत राबले. लहानपणी मी पाना किंवा हातोडी उचलली की वडील ती काढून घेत. 'हे आमच्यापर्यंत पुरे,' म्हणत. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण तोच नियम मी माझ्या मुलाला लावला, तो निव्वळ माझा अविचार होता.

तो नववीत असताना त्याने 'एफ-वन इन स्कूल्स' स्पर्धेत नाव घातले. इंग्लंडात सुरू झालेली ही स्पर्धा २०२५ पासून 'स्टेम रेसिंग' नावाने ओळखली जाते. २०१९ ची जागतिक अंतिम फेरी आपल्या अबुधाबीतच झाली. मुलांचा लहानसा संघ संगणकावर गाडीचे आरेखन करतो, यंत्रावर ती एका ठोकळ्यातून कोरून काढतो, मागे ८ ग्रॅम कार्बन डायॉक्साइडची नळी बसवतो आणि २० मीटरच्या धावपट्टीवर सोडतो. शर्यत साधारण एका सेकंदात आटोपते! त्या सेकंदापायी ही मुले महिनोन्महिने कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसली होती. संघातील यंत्रकाम एका मुलीकडे होते, हेही मुद्दाम सांगतो.

पहिल्या गाडीचा पुढचा पंख फार पातळ झाला होता. चाचणीत तो मोडला. चाक तर केसभर तिरके होते. मी म्हणालो, "परीक्षा जवळ आली, आता हे खेळणे पुरे." तो म्हणाला, "पप्पा, घर्षण मी तीनदा पाठ केले होते. कळले ते आज." मी निरुत्तर झालो. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिल्यावाचून मला तरी शरीर कोठे उमगले होते?

आपल्यावर कष्टाची कामे लादली गेली हे खरेच आहे. परंतु कसबाची कामे आपल्याला नाकारली गेली, याचा आपल्याला विसर पडतो. गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी चांगली होती. तेथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना तंत्रशिक्षणाच्या योजना त्यांच्याच खात्याकडे होत्या. आपल्या मुलांना हत्यारापासून दूर ठेवून आपण ते बंद दार आतून लावून घेत आहोत की काय, अशी शंका मला येते.

या सभागृहात डॉक्टर पुढच्या रांगेत बसले आहेत आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन बंधू मागे उभे आहेत. हे चित्र मला आज बरे वाटले नाही. शाळेची स्पर्धा सर्वांना परवडेल असे नाही, परंतु शिकविणारे आपल्यातच आहेत. माझ्या घराची गॅरेज शनिवारी सकाळी मोकळी असते. हत्यारांचा खर्च मी करीन. मागे उभ्या असलेल्या बंधूंनी कार्यक्रमानंतर मला कृपया भेटावे. एका वेळी किती मुले घ्यायची आणि आरंभ कशापासून करायचा, हे त्यांनी ठरवावयाचे आहे.