थेंबातली सजीवसृष्टी



जीवशास्त्राचा प्रकल्प करायचाय?
मग मोठ्या माणसाला सोबत घ्या, आणि जवळच्या तळ्यावर जा.

काठाजवळचं पाणी बरणीत भरा.
थोडं शेवाळ, थोडी कुजकी पानंही येऊ द्या.
सूक्ष्मजीव तिथंच जास्त सापडतात.

आता शाळेचा सूक्ष्मदर्शक.
काचपट्टीवर एकच थेंब ठेवा.
त्यात कापसाचे दोन-चार तंतू टाका.
वरची पातळ काच तिरपी धरून हळूच सोडा.
म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत.

आधी कमी शक्तीचं भिंग, मग जास्त शक्तीचं.

चपलेच्या तळव्यासारखा एक जीव पळताना दिसेल.
तो पॅरामेशियम.
कापसाच्या तंतूंत तो अडखळतो.
मग त्याला नीट न्याहाळा.

त्याच्या अंगात एक गोल पोकळी हळूहळू फुगते…
आणि एकदम आकसते.
शरीरात शिरलेलं जादा पाणी ती बाहेर टाकते.
सगळा जीव एका पेशीचा, पण केवढी व्यवस्था!

ही पोकळी किती वेळानं आकसते?
घड्याळ लावून मोजा.
हाच तुमचा प्रकल्प होऊ शकतो.

हॉलंडचे कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी 1674 साली तळ्याच्या पाण्यात असेच सूक्ष्मजीव पाहिले.
त्यांच्याजवळ होतं स्वतः घडवलेलं भिंग, आणि भरपूर चिकाटी.

पुन्हा सांगते.
आधी कमी शक्तीचं भिंग, मग जास्त शक्तीचं.

पुस्तकातली आकृती उतरवू नका.
डोळ्यांना दिसेल तेच काढा.
शेजारी तारीख आणि जागा लिहा.

आणि काम झालं, की हात साबणानं स्वच्छ धुवा.