चित्रशाळेची काच



चित्रशाळा बांधावयाची म्हटले, की मंडळी आधी दर्शनी भागाचा विचार करतात आणि काच शेवटी, उरल्या पैशात, बाजारातून आणतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आत काय टांगावयाचे, हे ठरल्यावाचून काच ठरवूच नये.

उजेडाने रंग उडतो, हे खिडकीशी टांगलेल्या कॅलेंडरावरून कोणालाही ठाऊक असते. जलरंगाची व कागदावरची चित्रे सुमारे 50 लक्स उजेडात ठेवावीत आणि तैलचित्रांना 200 च्या आसपास चालते, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा 1 लाखाच्या घरात जातो. म्हणजे एखादे जलरंगचित्र तासभर उन्हात राहिले, तर दिवसाला 8 तासप्रमाणे 250 दिवसांचे प्रदर्शन त्याने एका तासात भोगले! आणि उडालेला रंग परत येत नाही.

यावर दुकानदार सांगतो, ‘साहेब, अतिनील किरण अडविणारी काच घ्या.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हे. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून बसविला, की ते किरण बहुतेक सगळे अडतात; शिवाय काच फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. पण डोळ्याला दिसणारा उजेडही रंग खातो, आणि तो अडवावा तर चित्र दिसणार कसे? दुसरी गोष्ट रंगाची. साध्या काचेत लोहांश असतो. तावदान जाड होत गेले, की त्यात हिरवट झाक येते. म्हणून कमी लोहांशाची काच घ्यावी. ती महाग पडते, पण पिवळा पिवळाच दिसतो.

काचेपायी काय काय सोसावे लागते, ते बर्लिनच्या नोये नॅशनलगॅलरीत पाहावे. मीस व्हान डेर रोह या वास्तुशिल्पज्ञाची ही वास्तू 1968 साली उघडली. आठ पोलादी खांबांवर एक अवाढव्य छप्पर आणि चारी बाजूंना काच. वरच्या त्या दालनात भिंतच नाही! पहिल्याच, माँद्रियानच्या, प्रदर्शनात चित्रांसाठी छतातून पांढऱ्या फळ्या लोंबत्या सोडाव्या लागल्या. कायमचा संग्रह मात्र त्याने खाली, जोत्याच्या मजल्यावर ठेवला, ही त्याची दूरदृष्टीच म्हणावयाची. काच एकपदरी होती. हिवाळ्यात तिच्यावर आतून पाणी साचे आणि पोलादी चौकट उन्हाथंडीने हलली, की तावदाने तडकत. सुमारे साडेतीन मीटर रुंदीची तावदाने मिळेनाशी झाली, तेव्हा दोन तुकडे जोडून बसवीत आणि मधोमध सांधा दिसे.

डेव्हिड चिपरफील्ड यांच्या कचेरीने केलेली दुरुस्ती पुरी होऊन 2021 साली वास्तू पुन्हा उघडली. दुपदरी, मध्ये पोकळी असलेली काच उबेला केव्हाही बरी. पण तिच्यासाठी मूळच्या चौकटी बदलाव्या लागल्या असत्या आणि इमारतीचे रूपच पालटले असते. म्हणून 12 मिलिमीटरच्या दोन काचा चिकटवून केलेली तावदाने घेतली; एकेक मोठे तावदान टनाहून जड. एवढ्या रुंदीची काच चीनमधून आणावी लागली. चौकटीला हलण्यापुरती जागा ठेवली. पाणी साचणे कमी झाले, संपले नाही. तेवढे त्यांनी जाणूनबुजून पत्करले. आम्हांला हा निवाडा योग्य वाटतो, कारण नाजूक चित्रे मुळात त्या काचेमागे नाहीतच.

आता आपल्याकडचे पाहा. युरोपात चित्रकार उत्तरेच्या उजेडावर निर्धास्त असतो. पुण्याच्या अक्षांशावर मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यदेखील डोक्याच्या उत्तरेला जातो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर मार्च सरल्यावरच उत्तरेच्या खिडकीत शिरू लागते. पावसाळी ढग थोडे सांभाळून घेतात, पण एप्रिल-मे कोरडेच! तेव्हा उत्तरेच्या काचेवरही खोल छज्जा आणि बाजूला उभे आडोसे हवेत. ते गवंडीकाम काचेच्या मानाने स्वस्त पडते.

आणि नमुना तळहाताएवढा पाहू नये. निदान हातभर तुकडा मागवून जागेवर उभा करावा, मागे पांढरा कागद धरावा आणि सकाळी, दुपारी व दिवेलागणीला तीनदा पाहावा.